वाचलेला डाव आणि सत्कार्यवाद

बुद्धिबळाच्या पटावर हरत आलेला डाव शेवटच्या टप्प्यात एखाद्या अनपेक्षित युक्तीने बरोबरीत सुटतो, तेव्हा त्या बरोबरीचे श्रेय कुणाला द्यावे हा प्रश्न वरवर पाहता क्रीडासमीक्षेचा वाटतो. प्रत्यक्षात तो कार्यकारणभावाविषयीच्या एका फार जुन्या वादाला जाऊन भिडतो. त्या स्थितीत बरोबरी मुळातच शक्य असेल, तर डाव कधी हरलेला नव्हताच आणि खेळाडूने काही नवे घडवले असे म्हणता येत नाही. ती मुळात शक्य नसेल, तर कितीही बुद्धी खर्चून ती आणता आली नसती, आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे ती पदरात पडली असेल तर श्रेय त्या चुकीचे आहे. कोणत्याही बाजूने पाहिले तरी खेळाडूच्या कर्तृत्वाला जागा उरत नाही असे दिसते. आणि तरीही असा डाव समजून घेणाऱ्या प्रत्येकाला तेथे कर्तृत्व घडले याविषयी शंका नसते. ही खात्री भ्रममूलक आहे की तिला तात्त्विक आधार आहे हे तपासले पाहिजे, कारण दैव आणि प्रयत्न यांविषयी जे बोलले जाते त्यातला बराचसा गोंधळ याच पेचातून निघालेला असतो.

या पेचाची एक बाजू गणिताने पक्की केलेली आहे. संचसिद्धांताला पायाभूत गृहीतके देणारा जर्मन गणिती एर्न्स्ट झर्मेलो याने १९१२ साली केंब्रिज येथील गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बुद्धिबळाविषयी एक निबंध वाचला, जो पुढच्या वर्षी छापून आला. त्याच्या विचारपद्धतीतून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे, की पटावरची कोणतीही स्थिती घेतली तर तीन गोष्टींपैकी एक आणि एकच गोष्ट खरी असते: पांढऱ्याला विजय खेचून आणता येतो, किंवा काळ्याला तो आणता येतो, किंवा दोघांपैकी प्रत्येकाला निदान बरोबरी तरी राखता येते. फाशांच्या खेळात असते तसे नशीब येथे नाही आणि पत्त्यांप्रमाणे काही झाकलेलेही नाही. त्यामुळे प्रत्येक स्थितीला तिचे स्वतःचे एक ठरलेले मूल्य असते, मग ते कुणाला ठाऊक असो वा नसो. खेळाडू दमलेला आहे, घाबरलेला आहे, त्याच्या घड्याळात थोडाच वेळ उरला आहे, या कशानेही ते मूल्य बदलत नाही. मनुष्याच्या कृतीवर नियतीची अशी काटेकोर छाया क्वचितच कुठे पडलेली आढळते.

भारतीय दर्शनांच्या परिभाषेत सांगायचे तर झर्मेलोचा निष्कर्ष सांख्यांच्या बाजूने झुकतो. सांख्य दर्शन सत्कार्यवाद मानते, म्हणजे कार्य उत्पन्न होण्यापूर्वीही ते आपल्या कारणात सूक्ष्म रूपाने असतेच, असे त्याचे म्हणणे आहे; तीळ गाळले असता तेल निघते ते तिळात होते म्हणून, आणि वाळू कितीही गाळली तरी ते निघत नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत या मतासाठी पाच हेतू दिलेले आहेत आणि त्यांपैकी एक येथे विशेष लागू पडतो: सर्व गोष्टींपासून सर्व गोष्टी संभवत नाहीत. एकट्या राजासमोर राजा आणि हत्ती असतील आणि खेळी हत्तीवाल्याची असेल, तर एकट्या राजाने आपल्या बुद्धीच्या जोरावर बरोबरी मिळवावी हे वाळूतून तेल काढण्यासारखेच आहे. याउलट न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद, ज्याला आरंभवाद असेही म्हणतात, असे मानतो की उत्पत्तीपूर्वी कार्य नसतेच. त्याचा प्रागभाव असतो, म्हणजे ते अजून झालेले नाही अशा स्वरूपाचा अभाव असतो, आणि कर्त्याच्या व्यापाराने एक खरोखर नवी वस्तू अस्तित्वात येते. घट मातीत आधीच असेल तर कुंभाराने चाक का फिरवावे, हा नैयायिकांचा प्रश्न सांख्यांना कधी सहज झटकून टाकता आलेला नाही. वाचलेल्या डावाचा प्रश्न हाच आहे, आणि पटावरचे उदाहरण पुरेसे लहान घेतले तर तो अगदी जवळून न्याहाळता येतो.

असे एक उदाहरण रिखार्ड रेटी या खेळाडूने १९२१ साली रचले. आजच्या स्लोव्हाकियात १८८९ साली जन्मलेला आणि १९२९ मध्ये प्राग येथे अकाली मरण पावलेला हा खेळाडू अभ्यासरचनांसाठीही ओळखला जातो. अभ्यासरचना म्हणजे प्रत्यक्ष डावातून न घेता एखादी कल्पना स्पष्ट व्हावी म्हणून मुद्दाम मांडलेली स्थिती. रेटीच्या या रचनेत पटावर चारच सोंगट्या आहेत. पांढऱ्याचा राजा एच-८ या कोपऱ्यातल्या घरात आणि एकुलते एक प्यादे सी-६ वर. काळ्याचा राजा ए-६ वर, पांढऱ्या प्याद्याच्या अगदी जवळ, आणि त्याचे प्यादे एच-५ वर. खेळी पांढऱ्याची आहे आणि त्याने बरोबरी साधायची आहे. काळ्याचे प्यादे चार खेळ्यांत शेवटच्या घरी पोचून वजीर होणार. त्याच्या मागे सरळ धावणाऱ्या पांढऱ्या राजाला दोन पावले कमी पडतात. पांढऱ्याच्या प्याद्याला जोर द्यावा, म्हणजे राजाने त्याच्या शेजारी जाऊन त्याला आधार द्यावा, तर तिकडेही राजा वेळेवर पोचत नाही, कारण काळा राजा दोन खेळ्यांत ते प्यादे टिपू शकतो. दोन्ही उद्दिष्टे एकेकटी घेतली तर दोन्ही हाताबाहेर गेलेली आहेत, आणि येथे डाव सोडून देणाऱ्याला अविचारी म्हणता आले नसते.

पांढरा राजा जी-७ वर जातो, म्हणजे तिरका. काळे प्यादे एच-४ वर सरकते, राजा एफ-६ वर येतो. आता काळ्याने प्यादे पुढे दामटले तर पांढरा राजा ई-७ वर जाऊन आपल्या प्याद्याला जोर देतो आणि दोन्ही बाजूंचे वजीर जवळपास एकदमच होतात. म्हणून काळा राजा बी-६ वर येतो आणि प्याद्यावर रोख धरतो. पांढरा पुन्हा तिरका, ई-५ वर. काळ्याने आता प्यादे टिपले तर पांढरा राजा एफ-४ वर, मग जी-३ वर येतो आणि वजीर होण्याच्या उंबरठ्यावर आलेले प्यादे एच-२ वर मारतो. काळ्याने प्यादे न टिपता आपले प्यादे पुढे नेले तर राजा डी-६ वर जातो आणि पांढऱ्याचाही वजीर होतो. ज्या दोन पावलांची सुरुवातीला तूट होती ती काळ्यानेच भरून दिली, एक बी-६ वर येताना आणि दुसरे सी-६ वरचे प्यादे मारताना. पण त्याने ती आपण होऊन दिलेली नाहीत, पांढऱ्या राजाच्या वाटेने ती त्याच्याकडून काढून घेतली आहेत. एच-८ पासून एच-२ पर्यंत सरळ उतरणाऱ्या राजाला सहा खेळ्या लागतात आणि ई-५ पर्यंत आत शिरून परत येणाऱ्या राजालाही नेमक्या सहाच लागतात. कागदावर पट्टी ठेवून मोजले तर दुसरी वाट बरीच लांब आहे. परंतु राजाला तिरके पाऊल आणि सरळ पाऊल सारखेच पडत असल्याने पटाच्या भूमितीत दोन्ही वाटा एका लांबीच्या ठरतात. सरळ वाटेच्या प्रत्येक पावलाचा हेतू एक होता, तर या वाटेच्या प्रत्येक पावलाचे हेतू दोन आहेत, आणि शेवटपर्यंत दोहोंपैकी कोणताही सोडला जात नाही.

येथे अद्वैत वेदान्ताच्या अंगाने एक उत्तर सुचते आणि ते मोहक आहे. अद्वैतमतानुसार मोक्ष हा उत्पाद्य नाही, म्हणजे साधनेने निर्माण होणारा नाही, कारण जे निर्माण होते ते नाशही पावते. तो नित्यसिद्ध आहे, आणि ज्ञानाने केवळ अविद्येचा, आपण बद्ध आहोत या समजुतीचा निरास होतो. जे मिळालेलेच आहे त्याचीच प्राप्ती, असे त्याचे वर्णन करण्याची परंपरा आहे. त्याच धर्तीवर म्हणता येईल की रेटीच्या स्थितीतला पांढरा पहिल्यापासून सुरक्षितच होता, बंधन दिसत होते ते पाहणाऱ्याच्या अज्ञानामुळे, आणि ती वाट सापडणे म्हणजेच सुटणे. परंतु हे साम्य शेवटपर्यंत टिकत नाही आणि ते जेथे तुटते ती जागा महत्त्वाची आहे. अद्वैतात ज्ञान झाल्यावर मुक्तीसाठी आणखी काही करायचे उरत नाही. पटावर मात्र वाट दिसल्यानंतरही ती चालावी लागते, समोरचा प्रत्येक खेळीला विरोध करत असतो, आणि वाट संपूर्ण दिसत असूनही घड्याळातला वेळ संपला तर डाव हातचा जातो. मीमांसकांनी सिद्ध आणि साध्य असा जो भेद केला, म्हणजे जे आधीच असते ते आणि जे कृतीने सिद्धीस न्यायचे असते ते, त्या भेदात बरोबरी ही साध्याच्या बाजूलाच राहते. ज्ञान येथे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही.

प्रत्यक्ष डावात याची कसोटी कशी लागते ते १९१४ साली सेंट पीटर्सबर्ग येथे दिसले. त्या स्पर्धेत जगज्जेता इमॅन्युएल लास्कर पांढऱ्या सोंगट्यांनी आपला जुना प्रतिस्पर्धी झीगबर्ट टाराश याच्याशी खेळत होता. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या टाराशने बुद्धिबळातील नियमनिष्ठ शिकवणीचा पुरस्कार केला आणि १९०८ साली जगज्जेतेपदाच्या लढतीत तो लास्करकडून हरला होता. डावाच्या अखेरीस दोन राजे आणि काही प्यादीच उरली. लास्करचा राजा आपल्या एका प्याद्यासह एच-पट्टीच्या बाजूला दूर पडला होता आणि काळ्याची धोकादायक प्यादी पटाच्या दुसऱ्या टोकाला होती. लास्करने आपले प्यादे पुढे सरकवले आणि मग राजा जी-६ वर आणला. प्यादे आता धावणार असल्याने टाराशच्या राजाला ते मारण्यासाठी पटाच्या कडेला जावे लागले. तेवढ्या अवधीत लास्करचा राजा एफ-५ वरून मध्यभागी शिरला, ई-४ आणि डी-५ ही घरे ओलांडून दुसऱ्या टोकाला पोचला आणि तेथली दोन काळी प्यादी टिपून डाव बरोबरीत सुटला. रेटीची रचना या डावानंतर सात वर्षांनी आली. अभ्यासरचनेत जे चार सोंगट्यांत निथळून दिसते ते येथे स्पर्धेच्या दडपणाखाली, मागचा कोणताही नमुना समोर नसताना खेळले गेले. लास्करने ती स्पर्धा १३½ गुणांनी जिंकली आणि तरुण कापाब्लांका १३ गुणांवर दुसरा राहिला, म्हणजे दोघांतले अंतर एवढ्या एका बरोबरीचेच होते.

लास्कर हा नुसता खेळाडू नव्हता. बहुपदींच्या बीजगणितातील त्याचा सिद्धांत एमी नोएदर हिने पुढे व्यापक केला आणि तो आज दोघांच्या नावांनी ओळखला जातो. झगडा या कल्पनेवर त्याने १९०७ साली एक पुस्तक लिहिले, आणि जे कधी पूर्णत्वास नेता येत नाही त्याच्या तत्त्वज्ञानावर १९१९ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. असा मनुष्य डाव वाचवताना नेमके काय करत होता, या प्रश्नाला सांख्य आणि न्याय या दोहोंपैकी कोणत्याही एका मताने पुरते उत्तर देता येत नाही, याचे कारण डावाच्या निकालात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक म्हणजे स्थितीचे मूल्य, जे झर्मेलोच्या अर्थाने आधीच ठरलेले असते. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष घडलेली बरोबरी, जी शेवटची खेळी होईपर्यंत नसतेच आणि न होताही राहू शकते. पहिली सत् आहे, दुसरीचा प्रागभाव आहे. सांख्य पहिलीविषयी बरोबर बोलतात, नैयायिक दुसरीविषयी.

एवढ्याने वाद मिटत नाही, कारण नैयायिकांचा पुढचा आक्षेप फार धारदार आहे. सांख्य म्हणतात की कर्त्याच्या व्यापाराने कार्य निर्माण होत नाही, त्याची केवळ अभिव्यक्ती होते, म्हणजे जे झाकलेले होते ते प्रकट होते. त्यावर नैयायिक विचारतात की ही अभिव्यक्ती तरी आधी होती की नव्हती? होती, तर व्यापार व्यर्थ. नव्हती, तर निदान एक असत् कार्य मान्य केले गेले. बुद्धिबळाचे उदाहरण या कोंडीतून वाट काढून देते असे म्हणणे धाडसाचे वाटेल, पण ते खरे आहे, आणि त्याचे कारण मूल्याच्या विधानाची घडण हे आहे. एखादी स्थिती बरोबरीची आहे या विधानाचा उलगडा केला तर तो असा होतो: काळ्याने कोणतीही खेळी केली तरी पांढऱ्याजवळ अशी एक खेळी आहे, की तिच्यानंतर काळ्याने कोणतीही खेळी केली तरी पांढऱ्याजवळ पुन्हा अशी एक खेळी आहे, आणि हे असेच शेवटपर्यंत. या संपूर्ण विधानात बरोबरी होईल असे कोठेही म्हटलेले नाही. योग्य खेळी आहे, एवढेच प्रत्येक टप्प्यावर म्हटलेले आहे, आणि ती करणे पांढऱ्यावर सोपवलेले आहे. ठरलेले जे आहे त्याच्या आतच प्रयत्नाची जागा राखलेली आहे, ती बाहेरून चिकटवावी लागत नाही. म्हणून जे व्हायचे ते ठरलेलेच आहे, मग प्रयत्न कशाला, हा आळशी युक्तिवाद पटावर एका क्षणासाठीही उभा राहू शकत नाही: जे ठरलेले आहे ते प्रयत्नाचे फळ म्हणूनच ठरलेले आहे. ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञ क्रिसिपस याने याच आळशी युक्तिवादाला दिलेले उत्तर सिसेरोच्या लेखनातून आपल्यापर्यंत आले आहे आणि तेही याच दिशेचे आहे: रोगी बरा होणार असे विधिलिखित असेल, तर वैद्याला बोलावणे हेही त्याच लिखिताचा भाग असते. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात दैवावर भिस्त ठेवणाऱ्यांचा जो कडक समाचार घेतला आहे त्याचे मर्मही येथे उमगते. पौरुषावर भर देताना विश्वातील व्यवस्था नाकारण्याची गरज पडत नाही.

यातून आशेचे दोन प्रकार वेगळे करता येतात आणि हा भेद केवळ शास्त्रार्थापुरता नाही. हरलेल्या स्थितीत खेळत राहणारा एक खेळाडू प्रतिस्पर्धी चुकेल या आशेवर खेळतो. ही आशा स्थितीविषयी नसून दुसऱ्याच्या दुर्बलतेविषयी असते. दुसरा खेळाडू, समोरचा अचूक खेळला तरी या स्थितीत एक वाट असली पाहिजे, या विश्वासाने ती शोधत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांचे वागणे सारखेच दिसेल, कारण दोघेही डाव सोडत नाहीत. परंतु पहिल्याची आशा समोरच्याच्या चुकीवर उभी आहे आणि दुसऱ्याची सत्यावर. श्रद्धा या गोष्टीला बुद्धीच्या विरोधात उभे करण्याची जी प्रथा पडली आहे ती या दुसऱ्या खेळाडूकडे पाहिले तर चुकीची ठरते. त्याची श्रद्धा त्याच्या बुद्धीला कामाला लावते आणि तिच्याशिवाय ती बुद्धी शोधच घेणार नाही. आणि वाट नाहीच असे निष्पन्न झाले, तरी त्याचा शोध अप्रामाणिक ठरत नाही.

कर्मसिद्धांताशी मात्र या उदाहरणाची तुलना जपून करावी लागते. पटावरची स्थिती म्हणजे प्रारब्ध आणि पुढची खेळी म्हणजे क्रियमाण, म्हणजे आत्ता केले जाणारे कर्म, अशी सांगड घालण्याचा मोह होतो, आणि ती काही अंशी बसतेही: मागच्या चुकांची फळे समोर मांडलेली असतात आणि ती नाकारून खेळता येत नाही. पण पट विसरतो. स्थिती कशी आली, सुंदर खेळातून की ढोबळ चुकांतून, याची नोंद स्थितीत जवळजवळ काहीच राहत नाही, आणि त्याच चार सोंगट्या त्याच घरांत असतील तर महारथी आणि नवशिका यांच्या स्थितीचे मूल्य एकच असते. मीमांसकांचे अपूर्व किंवा नैयायिकांचे अदृष्ट, म्हणजे कर्म संपल्यावरही त्याचे फळ मिळेपर्यंत टिकून राहणारी अदृश्य शक्ती, तिला येथे स्थान नाही. ज्याला आपल्या मागच्या चुकांचा पश्चात्ताप आवरत नाही त्याला या विस्मरणात फार मोठा दिलासा आहे, कारण शोध घ्यायचा तो फक्त समोर जे आहे त्यातच. याला जे अपवाद आहेत त्यांत दोन लक्षणीय आहेत: तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर, आणि पन्नास खेळ्यांत दोन्ही बाजूंनी एकही प्यादे हलले नाही व काही मारले गेले नाही तर, खेळाडूला बरोबरी मागता येते. म्हणजे खेळाच्या नियमांनी पटाला जी थोडीफार स्मृती दिली, तिचा मोठा भाग बरोबरीच्या वाट्याला आला.

शिवाय बरोबरी कशाला म्हणावे हेही सर्वत्र आणि सर्वकाळ एकसारखे नव्हते. राजाला शह नसताना कोणतीच खेळी उरली नाही तर आज डाव बरोबरीत धरतात. इंग्लंडमध्ये सतराव्या आणि अठराव्या शतकांत असा कोंडमारा करणाराच हरला असे मानत. महाराष्ट्रातील जुन्या देशी खेळात एका बाजूचा नुसता राजा उरला की डावाची बुर्जी झाली म्हणत आणि तो मात झालेल्या डावासारखा धरत नसत. रेटीच्या रचनेतली बरोबरी मात्र अशा संकेतांवर फारशी अवलंबून नाही, कारण तिच्यात शेवटी एक तर दोन नुसते राजे उरतात किंवा दोन्ही बाजूंना समान बळ येते.

आता संगणकाने सात किंवा त्यांहून कमी सोंगट्यांच्या सर्व स्थितींची मूल्ये काढून ठेवली आहेत. मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह विद्यापीठातील महासंगणकावर सात सोंगट्यांचे हे काम २०१२ साली पुरे झाले. त्यातील कोष्टकाला रेटीची स्थिती विचारली तर ती बरोबरीची आहे असे उत्तर तत्काळ मिळते, पण का, हे कोष्टक सांगत नाही. ते आप्तवाक्यासारखे आहे, विश्वसनीय परंतु हेतू न देणारे, तर रेटीने हेतू दाखवला. बुद्धिबळाच्या आरंभस्थितीचे मूल्य अजून सिद्ध झालेले नाही. चेकर्स या त्यामानाने सोप्या पटखेळाचे ते जोनाथन शेफर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली सिद्ध केले: दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर त्या खेळात बरोबरी होते. म्हणजे चेकर्सच्या प्रत्येक डावात बसणाऱ्या दोघांनाही पहिल्या खेळीपूर्वी बरोबरी उपलब्ध असते, हे आता निःसंशय ठाऊक आहे, आणि तरीही त्या खेळात डाव हरले जातात, कारण उपलब्ध असलेली बरोबरी खेळीखेळीने मिळवावी लागते आणि ती मिळवण्याचे काम कोणत्याही सिद्धतेने कुणाच्या अंगावरून काढून घेतलेले नाही.